बिस्किटांचा डबा आणि दहा तारा: पुण्यातले तीन दिवस

शुक्रवार, सदाशिव पेठ

एका नेकची, म्हणजे तारांच्या एकाच पट्टीची, पेडल स्टील गिटार रिक्षातून नेता येते. केस सीटवर आडवी मावते, माणूस कडेला अंग चोरून बसतो. दोन नेकची असेल तर केससकट ती 30 किलोच्या आसपास भरते, आणि मग रिक्षापेक्षा जिन्याची काळजी जास्त. सदाशिव पेठेतल्या जुन्या इमारतीत जिन्याला मध्येच वळण असतं. तिथे केस उभी करावीच लागते. ती कुठल्या बाजूने उभी केली, हे वर पोचल्यावर कळून उपयोग नाही. पेडल स्टील केसमध्ये पालथी झोपवतात. झाकण उघडलं की समोर पोट दिसतं. म्हणून केसवर खडूने ठळक 'वर' असं लिहून ठेवायची इथल्या मंडळींची पद्धत आहे. पद्धत कोणी सुरू केली यावर मात्र दोन दावेदार आहेत.

हवाईयन गिटार आपल्याकडे बऱ्याच घरांत माहीत आहे: मांडीवर किंवा स्टँडवर आडवी गिटार, डाव्या हातात पोलादी बार, सिनेमाच्या गाण्यांच्या धुना. पेडल स्टील ही तिचीच अमेरिकेत वाढलेली नात. बार सरकवला की सगळ्या तारा एकदम सरकतात. पेडल दाबलं की एक किंवा दोनच तारा चढतात, बाकीच्या जागेवर राहतात. बड आयझॅक्सने 1953-54 च्या सुमारास तार वाजत असतानाच पेडल दाबलं आणि तो आवाज सगळ्यांना हवाहवासा झाला. मग शॉट जॅक्सन आणि बडी एमन्स यांनी नॅशव्हिलमध्ये शो-बड काढली (दोघांच्या नावांचे तुकडे जोडून झालेलं नाव), पुढे एमन्सच्या नावाच्या गिटारी वेगळ्या निघाल्या. पुण्यात आहेत त्या परदेशातून परतणाऱ्यांच्या घरसामानात आलेल्या, किंवा कुणाच्या तरी माळ्यावरून उतरवलेल्या. दुकान नाही, मेकॅनिक नाही. जे काही आहे ते एकमेकांकडे.

आम्ही नाशिकहून तिघं. तीन गिटारी रविवारच्या बैठकीआधी वाजत्या करायच्या होत्या: एक शो-बड मॅव्हरिक (तीन पेडलं, एक नी-लिव्हर, म्हणजे गुडघ्याने ढकलायचा दांडा), एक 1970 च्या दशकातली डॅलसची एमएसए, दोन नेकची, आणि एक अशी की जिचं नाव पुसलं गेलंय.

मांडणीचा क्रम सोपा आहे, पण चुकला की दोन तास जातात. गिटार केसमध्ये पालथीच ठेवायची. चारही पाय हाताने घट्ट पिळायचे, पकड लावायची नाही. आटे अॅल्युमिनियममध्ये असतात; एकदा वाकडे चढले की पाय बसत नाही आणि निघतही नाही. पुढच्या दोन पायांना पेडल बार लावायचा. मग पेडल रॉड: प्रत्येकाचं वरचं टोक क्रॉस शाफ्टच्या (गिटारीच्या पोटातल्या आडव्या दांडीच्या) दांड्याला, खालचं पेडलला. हे रॉड दिसायला सारखे असले तरी एकाची लांबी दुसऱ्याला चालत नाही, कारण प्रत्येक पेडलची उंची त्यानेच ठरलेली असते. त्यांना डावीकडून लाल, पिवळी, हिरवी अशी इलेक्ट्रिकची टेप गुंडाळावी. सगळं लागलं की दोघांनी उचलून सुलटी करायची, आणि पाय जमिनीला टेकेपर्यंत पेडलांवर भार येऊ द्यायचा नाही.

मॅव्हरिकचं दुखणं असं: पेडल दाबून सोडलं की तार मूळ सुरावर येत नव्हती. इथे काका (घर त्यांचं, गिटार त्यांची) लगेच तार बदलायला निघाले. थांबवलं. आधी तार चढी राहते की उतरलेली, हे ऐकायचं. चढवणाऱ्या पेडलनंतर तार उतरलेली राहिली तर दोष डाव्या टोकाला, नटच्या रोलरमध्ये (ज्यावरून तार जाते ती छोटी चाकं): पेडलने तार चेंजरकडे ओढली गेली, रोलर फिरला नाही, तार मागे सरकली नाही. चढी राहिली तर दोष उजव्या टोकाला: चेंजरमधलं बोट पूर्ण परत आलेलं नाही. काकांची चढी राहत होती. म्हणजे चेंजर.

चेंजर म्हणजे एका आसावर शेजारी शेजारी बसवलेली दहा अॅल्युमिनियमची बोटं. त्यांच्यात फट कागदाएवढी. कधी काळी कुणीतरी मायेने त्यात जाड तेल सोडलेलं होतं. त्यावर पुण्याची धूळ बसली आणि वर्षानुवर्षांचा डिंक तयार झाला. उपाय तेल नव्हे, आधी धुणं.

लायटरमध्ये भरायचं फ्लुइड घ्यायचं, आणि औषधाच्या दुकानातून 5 मिलीची सिरिंज, सुईसकट. तारा निम्म्या सैल करायच्या, काढायच्या नाहीत. बोट परत येतं ते तारेच्याच ताणाने, तार काढली तर पेडल मारून काही हलत नाही. चेंजरखाली जुना टॉवेल. प्रत्येक फटीत अर्धा-पाऊण मिली सोडायचं आणि पेडल 30-40 वेळा दाबायचं. पहिल्या खेपेला टॉवेलवर काळं येतं, दुसऱ्याला चहासारखं, तिसऱ्याला जवळजवळ पाणी. लाकडाच्या पॉलिशवर थेंब पडू द्यायचा नाही. आणि हे द्रव भडकतं, हे वेगळं सांगायला नको असं वाटत होतं; पण शेजारच्या खोलीत देवघर, देवघरात समई. काकूंनी येऊन पाहिलं, वास घेतला आणि एक शब्द न बोलता समई शांत करून खिडक्या उघडल्या. तासभर वाळू द्यायचं. मग शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब, सुईच्या टोकाने, प्रत्येक बोटाच्या आसापाशी. बस्स. गंज सोडवायचा स्प्रे इथे कोणी मारायला काढला तर त्याचा हात धरावा.

संध्याकाळी कॅम्पातले अंकल आले, हातात बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा. हा डबाच इथल्या मंडळींचा खरा कारखाना. आत काड्यापेट्यांचे कप्पे: सुट्ट्या तारा, परतीच्या स्प्रिंगा, नायलॉनचे षटकोनी नट, दोन पॉट (आवाज कमी-जास्त करणारे), फिंगरपिक्स (बोटात घालायच्या नख्या). झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवलेला, त्यावर काय घेतलं आणि कोणी. पैसे द्यायचे नाहीत. घेतलं त्याच्या दुप्पट, जमेल तेव्हा, डब्यात परत टाकायचं. डबा ज्याने शेवटची दुरुस्ती केली त्याच्याकडे राहतो.

"ग्यारा नंबर किती उरल्यात, अंकल?"

"नऊ. पण तू आधी बोट बघ, मग तार माग."

बरोबर होतं त्यांचं. पेडल स्टीलवर सगळ्यात जास्त तुटते ती तिसरी तार, .011 इंच जाडीची. एवढी बारीक तार G# पर्यंत ताणायची आणि वर पेडलने A ला न्यायची. तुटते ती बहुतेक वेळा चेंजरच्या माथ्यावर, जिथे ती वळते. तिथे अॅल्युमिनियमवर बारीक खाच पडलेली असते; तार तिच्यात घासते, दरवेळी त्याच जागी वाकते. तार काढून नख फिरवायचं, खाच नखाला लागली तर नवी तारही आठवड्याची पाहुणी. 600, मग 1000, मग 2000 चा पॉलिश पेपर, नेहमी तारेच्या दिशेने. आडवा घासला तर रेघाच नव्या खाचा होतात. शेवटी धातूचं पॉलिश. माथ्याची गोलाई सपाट झाली तर मात्र तार तंबोऱ्यासारखी जवारी देऊ लागते, आणि ती इथे कोणाला नको असते.

शनिवार, तपकीर गल्ली ते भोसरी

सकाळी तारांचं गणित. ई-नाइन लावणीचा, म्हणजे पेडल स्टीलच्या नेहमीच्या सुरजुळणीचा, तयार दहा तारांचा संच इथल्या दुकानांत मिळत नाही. साध्या इलेक्ट्रिक गिटारचे चार संच फोडून तो जमवायचा. 10-46 च्या (सर्वांत बारीक तार .010, सर्वांत जाड .046) संचातून .013, .017, .026 आणि .036 निघतात. 11-49 मधून .011, .014 आणि .038. 10-52 मधून .030. 12-52 च्या ज्या संचात तिसरी तार गुंडाळी नसलेली असते, त्यातून .020 आणि .016. आता पहिल्या तारेपासून मांडायचं: .013, .016, .011, .014, .017, .020, .026, .030, .036, .038. मूळ प्रमाणात दुसरी .015, नववी .034 आणि दहावी .036 असते, एवढा फरक गिटार पचवते, फक्त त्या तारांची पेडलं आणि लिव्हर पुन्हा लावून घ्यावी लागतात. अकूस्टिकच्या ब्राँझ तारा घेऊ नयेत, पिकअपला (तारेचा कंप विजेत बदलणाऱ्या कॉइलला) त्यांचं पोलाद कमी जाणवतं आणि आवाज असमान येतो. दुकानदार "चालतात की" म्हणेल. चालतात, रखडत.

तपकीर गल्लीत दोन कामं होती. पहिलं व्हॉल्यूम पेडलचं खरखरणं. आतला पॉट झिजतो, कारण पेडल स्टीलवाला पाय सतत हलवत असतो. मूळ पॉट 500 के, ऑडिओ टेपरचा. आपल्याकडे 470 के मिळतो, तो चालतो. पण मागताना 'लॉग' (ऑडिओ टेपरचं इथलं नाव) म्हणून मागायचा. 'लिनिअर' घेतला तर आवाज पेडलच्या पहिल्या बोटभर चालीतच सगळा उसळतो आणि पुढे नुसता पाय हलतो. दुसरी अडचण दांडीची. अमेरिकन पॉटची दांडी पाव इंच, म्हणजे 6.35 मिमी, इथली 6. जुनी पुली त्यावर सैल फिरते. 0.15 मिमी जाडीच्या पितळी पत्र्याचा एक वेढा दिला की बसते. हा पत्रा मात्र तपकीर गल्लीत नाही, त्यासाठी चालत बोहरी आळी.

दुसरं काम अर्थिंग. कॅम्पातल्या अंकलचा अॅम्प्लिफायर 120 व्होल्टवर चालणारा, पंधरा इंची स्पीकरचा. आपल्या 230 वर तो लावायला स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि 200 वॉटच्या अॅम्प्लिफायरला 750 व्हीएचा घ्यावा. बरोबर मोजून घेतलेला तापतो आणि गुणगुणतो. पण खरा घोळ त्यांच्या पिन-अडॅप्टरमध्ये होता. तीन पिनांची अमेरिकन वायर, मध्ये दोन पिनांचा अडॅप्टर: अर्थ तिथेच तुटला. तारेला हात लावला की घोंघावणं कमी, सोडला की जास्त, आणि ओल्या फरशीवर अनवाणी बसलं तर बोटांना मुंग्या. हा विनोदाचा विषय नाही. अर्थ सरळ जाणारी तीन पिनांची वायर नव्याने लावून घेतली, आणि घरच्या सॉकेटची तिसरी पिन खरोखर कुठे जोडलीये का हे वायरमनकडून तपासून घेतलं. पेठेतल्या जुन्या वायरिंगमध्ये ती पुष्कळदा नुसती शोभेला असते. अर्थ नीट झाल्यावरही जे थोडं 50 हर्ट्झचं गुणगुणणं उरतं ते सिंगल कॉइल पिकअपचं. गिटार ट्रान्सफॉर्मरपासून हात-दीड हात लांब ठेवून थोडी तिरकी फिरवली की ते बरंच मरतं.

बोहरी आळीत पत्रा मिळाला, आणि इंची ॲलन की. हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं: या गिटारींचे स्क्रू इंचात आहेत. 3/32 इंच म्हणजे 2.38 मिमी. 2.5 ची की आत जात नाही, 2 ची जाते आणि स्क्रूचं डोकं गोल करून बाहेर येते. नायलॉनचे नट बहुतेकांत 3/16 इंची, म्हणजे 4.76, त्यांना 5 चा पाना लावला की मऊ नायलॉनचे कोपरे गेले. डब्यातले नायलॉन नट याच एका कारणाने संपतात.

मंडईहून मेट्रो, नाशिक फाटा स्टेशन, पुढे रिक्षाने भोसरी एमआयडीसी. कोथरूडच्या ताईंच्या ओळखीचा टर्नर. नाव पुसलेल्या गिटारीचा नी-लिव्हरचा ब्रॅकेट मधोमध तडकला होता. झिंकची ओतीव मिश्रधातू; पन्नास वर्षांत ती ठिसूळ होते, वर कुणी स्क्रू जोरात आवळला की छिद्रापासून चीर. वेल्डिंगच्या फंदात पडू नये. अॅल्युमिनियमच्या 12 मिमी पट्टीतून नवा कापायचा, तुटलेले दोन्ही तुकडे जोडून टर्नरसमोर ठेवायचे, आणि माप कॅलिपरने आपण स्वतः घ्यायचं.

शाफ्ट पाव इंची. टर्नर म्हणाले, "साडेसहाचं ड्रिल मारून देतो, मस्त फिरेल." फिरलं असतं. पण 12 मिमीच्या ब्रॅकेटमध्ये 0.15 मिमीची ढिलाई म्हणजे 150 मिमी लांब लिव्हर टोकाला जवळजवळ 2 मिमी डुलणार, गुडघा लागल्यावर आधी खट् आवाज आणि मग सूर. 6.2 चं ड्रिल आणि वरून पाव इंची रीमर (छिद्र नेमक्या मापाला आणणारं हत्यार), असं ठरलं. रीमर त्यांच्याकडे नव्हता. ताईंनी पर्समधून काढला. त्या आधी एकदा याच कामासाठी येऊन गेल्या होत्या.

तिथेच दोन बार करून घेतले. 24 मिमी व्यास, 83 मिमी लांबी, एक टोक बंदुकीच्या गोळीसारखं गोल, दुसऱ्या टोकाला अंगठ्यापुरता खळगा. वजन 280-290 ग्रॅमच्या घरात येतं. एसएस 304 (स्टेनलेस स्टील) करायला सोपं, पण मऊ. तारांच्या रेघा पडतात आणि त्या रेघा सरसर वाजतात. ईएन-31 (बेअरिंगचं पोलाद) मध्ये करून हार्डनिंग आणि वरून ग्राइंडिंग केलेला बार वर्षानुवर्षं टिकतो, फक्त गंजतो, म्हणून वाजवून झाल्यावर पुसून तेलाचा हात. आमचं मत ईएन-31 च्या बाजूने. अंकल 304 वर ठाम, कारण त्यांच्या तळहाताला घाम फार येतो. दोन्ही करून घेतले. बार सरळ आहे का हे आरशाच्या काचेवर लोळवून पाहायचं. ईएन-31 चा मुकाट लोळला. 304 च्या पोटात कुठेतरी सपाटी होती, त्याने टकटक केली. तो पुन्हा मशीनवर गेला.

रविवार, कोथरूड

ताईंकडे हॉल मोठा, म्हणून बैठक तिथे. दहापर्यंत चार गिटारी उभ्या, शिवाय दोन जुन्या हवाईयन. एमएसएचं काम किरकोळ निघालं: पुल रॉडना (पेडलची ओढ चेंजरच्या बोटांपर्यंत नेणाऱ्या सळ्यांना) ढिलाईच ठेवलेली नव्हती, त्यामुळे बोटं थांब्याला टेकत नव्हती आणि मोकळी तार रोज वेगळी लागायची. प्रत्येक नट इतका सैल करायचा की रॉड बोटाने किंचित खुळखुळेल. त्याहून जास्त सैल झाला तर पेडल आधी पोकळ जातं.

लावणीवर मात्र दुपार गेली, आणि तीच खरी मजा. ई-नाइनच्या तारा आपल्या भाषेत मांडल्या, E ला सा धरून, तर पहिलीपासून दहावीपर्यंत: रे, नी, ग, सा, प, ग, रे, सा, कोमल नी, प. दुसरी तार तिसरीपेक्षा खालची आहे, पहिली चौथीपेक्षा वरची. उतरती भाजणी नाही. वरच्या या दोन तारा बाहेरच्या म्हणून नंतर आल्या. पहिलं पेडल दोन्ही पंचम धैवतावर नेतं. दुसरं दोन्ही गंधार मध्यमावर. दोन्ही एकदम दाबली की सा-ग-प चा सा-म-ध होतो. तिसरं पेडल चौथ्या तारेचा सा रेवर आणि पाचवीचा प धवर नेतं. गुडघ्याच्या लिव्हरांपैकी एक दोन्ही षड्ज कोमल रेवर चढवते, एक शुद्ध नीवर उतरवते.

ट्यूनर लावून सगळ्या सुया मधोमध आणल्या की ही गिटार बेसूर लागते, आणि नवा माणूस इथे हमखास यंत्राला दोष देतो. ट्यूनरचा गंधार समान भागांच्या सप्तकातला, षड्जापासून 400 सेंटवर (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). कानाला हवा तो 386 वर. धैवतही तसाच: यंत्र म्हणतं 900, कान म्हणतो 884. पंचम फक्त 2 सेंट चढा, तो सोडून दिला तरी चालतो. पियानोत हा फरक खपतो. इथे तार लांब टिकते, वर व्हॉल्यूम पेडलने तिला शेवटपर्यंत धरून ठेवतात, तेव्हा तो डंख करतो. कंट्रीवाले यासाठी आकड्यांचे तक्ते वापरतात. ताईंनी तानपुरा काढला, E ला लावला, आणि गंधार तक्ता न बघता लावून टाकला. मग ट्यूनर दाखवला: 13 सेंट खाली. अंकलनी तक्ता घडी करून खिशात ठेवला.

क्रम असा ठेवावा. आधी मोकळे षड्ज, मग पंचम, मग गंधार. मग पहिलं पेडल दाबून धैवत नायलॉन नटने. मग दुसरं पेडल, मध्यम. शेवटी लिव्हर. पेडलचे सूर आधी लावून नंतर मोकळी तार हलवली तर सगळं पुन्हा. आणि दोन्ही पेडलं दाबून षड्ज एकदा तपासायचा: ताण वाढला की अंगाची लाकडी पेटी किंचित वाकते आणि न हललेल्या तारा उतरतात. तीन-चार सेंट उतरल्या तर सोडून द्यावं, जुन्या गिटारीचा तो स्वभाव. दहा सेंट असेल तर आधी पाय आणि टोकाच्या प्लेटचे स्क्रू बघावेत.

चार वाजता वाजवणं सुरू झालं. हवाईयन आणि पेडल स्टील शेजारी ठेवून एकच जागा दोघींवर: प वरून ध. हवाईयनवर बार वर सरकतो आणि बरोबर सगळंच वर जातं, म्हणून वादक तेवढ्यात बाकीच्या तारा दाबून टाकतो. पेडल स्टीलवर बार तिथेच, खालचा सा आणि ग वाजतच आहेत, आणि त्यांच्यामधून एकटा पंचम हळूहळू धैवताला जाऊन मिळतो. काकांनी ते सहा-सात वेळा करून घेतलं. काकू म्हणाल्या, "आता पुढचं पण वाजवा काहीतरी."

आवराआवरीत दोन गोष्टी. ऑक्टोबर असला तरी केसच्या अस्तरात पावसाळ्याची ओल राहते. गिटार ठेवण्याआधी केस दोन तास उन्हात उघडी, आणि आत सिलिका जेलच्या पुड्या, तारांना लागणार नाहीत अशा. पेडल रॉड कापडी पिशवीत वेगळे, केसमध्ये सुटे टाकले तर पालथ्या गिटारीच्या पोटात जाऊन अडकतात.

डबा या वेळी नाशिकला आला. झाकणातल्या कागदावर शेवटची ओळ अंकलच्या अक्षरात: .011 दोन, पॉट एक, रीमर ताईंचा, परत करणे.